उंदराच्या वाट्याचा गूळ

सुरतेत आता थंडीत मिठाईच्या दुकानांत खजुराचा गूळ मिळतो. छान खोक्यात, वर चित्र मात्र नारळाच्या झाडाचं. मी घेण्याआधी वास घेते. एका दुकानदारानं तर मला सुनावलंच, "मासी, खावानी वस्तु छे, सूंघवानी नथी." मी खोकं परत ठेवते. धूर नसतो त्या गुळाला. नुसता गोडवा असतो, आणि तो काय, साखरेलाही असतो.

धुराचा गूळ मी एकाच थंडीत खाल्ला. नव्वदच्या दशकातली गोष्ट, सुरतेतल्याच बमरोलीच्या खोलीतली. तोही चोरून खाल्ला.

लग्न होऊन अमळनेरकडून आले, त्याला सात-आठ महिने झाले होते. नवरा कापडाच्या लूमवर बारा तासांच्या पाळीला. भिंतीपलीकडे एक बंगाली बाई राहायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचा नवरा साड्यांवर भरतकाम करायचा. त्याच्या हाताखालची, त्याच्याच गावची सहा पोरं त्यांच्याच खोलीत राहायची आणि तिच्याच हातचं जेवायची. पोरं तिला बौदी म्हणत, म्हणजे वहिनी. मीही बौदीच म्हणू लागले. ती मला बहू म्हणे. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं. आमचं कधी भांडण झालं नाही ते बहुधा त्यामुळेच.

संक्रांतीला पंधरा-वीस दिवस असताना तिचा भाऊ गावाहून आला. त्याच दुपारी तिनं पेंढ्यात गुंडाळलेल्या गुळाच्या दोन गोल ढेपा माझ्यापुढे ठेवल्या. "तुम रखो, बहू. हमारा लड़का लोग एक दिन में खा जाएगा. संक्रांति को लेगा हम." मग तिनं हातवारे करून सगळं सांगितलं. तिचे वडील संध्याकाळी झाडावर चढून वर खाच पाडतात, मडकं बांधतात. रात्रभर त्यात रस टपकतो. पहाटे तो उतरवायचा, आणि ऊन चढायच्या आत आई चुलीवर आटवते. "बाबा का हाथ का ये आखिरी है," ती म्हणाली आणि स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. पुढच्या थंडीपासून ते झाडावर चढणार नव्हते. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

झाड कुठलं ते कळल्यावर आधी मी तोंडाला पदर लावला. आमच्याकडे त्या खजुराला शिंदी म्हणतात, आणि शिंदीखाली जातात ते फक्त पिणारे. त्या झाडाचा गूळ करतात, हे माझ्या गावात कुणाला सांगितलं असतं तर मलाच प्यायलेली म्हणाले असते. मी ढेपा स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि डबा फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुंग्या तर लागल्या नाहीत ना, म्हणून झाकण उघडलं. आतून धुराचा वास आला. आमच्या शेतात थंडीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजतात, भरितासाठी. आई राखेतली वांगी हातानंच उलटायची. हुबेहूब तो वास. सुरतेत माझ्या सगळ्या स्वयंपाकाला रॉकेलचा वास, नवऱ्याच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा. इतक्या महिन्यांत माहेरच्या आठवणीनं मी रडले नव्हते, त्या दिवशी फळीखाली बसून रडले. आणि एक कपचा मोडून तोंडात टाकला.

मग रोज एक. नवरा कामाला गेला की डबा खाली. एकदा तो जेवायला लवकर आला आणि हुंगत म्हणाला, "तुना तोंडले कसाना वास ई ऱ्हायना?" मी म्हटलं, बडीशेपेचा. रोज ठरवायचे, आज शेवटचं. आणि रोज तेवढंच ठाम ठरवायचे.

संक्रांतीच्या सकाळी बौदी न्हाऊन, ओल्या केसांनी दारात आली. आमच्या संक्रांतीलाच त्यांचाही सण. त्या गुळाचे पिठे, म्हणजे त्यांचं सणाचं गोडधोड, करायचे होते तिला. मी डबा पुढे केला. आत एक ढेप, तीही अर्धी. ती बघत राहिली. माझ्या तोंडून निघालं, "चूहा खा गया, बौदी."

बंद झाकणाच्या स्टीलच्या डब्यातला गूळ. आणि उंदरानं खाल्ला. आजही आठवलं की कान तापतात.

त्या अर्ध्या ढेपेचा बौदीनं वास घेतला, डोळे मिटून, बराच वेळ. मग पदराखाली धरून घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. आता ही बाई माझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

दुपारी ती दोन ताटल्या घेऊन आली. तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, आत नारळ आणि तो गूळ. एक ताटली माझ्या हातात दिली. दुसरी ओट्यावर ठेवली.

"ये किसका?" मी विचारलं.

"तुम्हारा चूहा का," ती म्हणाली. माझ्या गालाला हात लावला. "उसको भी घर का याद आता होगा."

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि दोन्ही ताटल्या खाल्ल्या. खाताना हुंदके आवरेनात.

त्याच उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचे डोळे सुईकामाला नको म्हणू लागले आणि ते गावी परत गेले. पत्ता मागायचं मला सुचलं नाही. उंदीर नव्हता, हे सांगायचंही राहिलं. तिला सांगायची गरज नव्हती, मला होती.

आता संक्रांतीला मीही ती धिरडी करते, दुकानातल्या साध्या गुळाची. एक ताटली वेगळी काढून ओट्यावर ठेवते. मुलं विचारतात, ही कुणाची? मी म्हणते, उंदराची. ती हसतात, पतंग उडवायला गच्चीवर जातात. मग मी दार लावते आणि ती ताटली संपवते.