आगीच्या आधी आलेलं पाणी

शुक्रवार, बाजारपेठेच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. घटनास्थळी हजर: ठाणेदार म्हणून मी, एक हवालदार, दोन पंच, व्यापारी संघाचे सचिव आणि टँकरचा चालक. ती घटना आजही आठवते, कारण पंचनाम्यात ही यादी लिहिताना टँकरचालकाचं नाव मी सर्वांत शेवटी लिहिलं होतं.

धाराशिव जिल्ह्यातलं ते तालुक्याचं गाव. रस्त्यावरचे दिवे, चौकातले कॅमेरे, गटारींवरची झाकणं, इतकंच काय आमच्या पोलीस चौकीवरचे पत्रेही व्यापारी संघाने करून दिले होते. गावाचं शहर झालं ते या लोकांमुळे, हे मी आजही मानतो. आता संघाला जुन्या बाजाराच्या जागी व्यापारी संकुल हवं होतं. तिथली छोट्या विक्रेत्यांची पालं मात्र उठायला तयार नव्हती.

दुपारी साडेबाराला ती पालं पेटली. संघाने बोलावलेला टँकर लगेच पाणी मारू लागला आणि शेजारच्या पक्क्या दुकानांना धगही लागली नाही. जीवितहानी नाही. दुसऱ्याच दिवशी मी संघाला ठाण्याच्या शिक्क्याचं प्रशंसापत्र दिलं.

सचिवांच्या जबाबात आगीचं कारण तयार होतं: त्या पालांमधल्या कल्हईवाल्या चाचांची भट्टी. चाचा सत्तरीचे. चौकशीला आले ते कपड्यांची पिशवी घेऊनच.

"आत टाकायचं तर टाका साहेब. पन सुट्टीच्या दिवशी म्या भट्टी पेटवतच न्हाय. अकराला भांडी उचलली अन् जळकोटला गेलो."

"कुणी पाहिलं?"

"अल्लानं. अन् त्या टँकरवाल्यानं."

पहिलं नाव ऐकून मी मान हलवली, दुसरं कानाआड केलं. चाचांवर गुन्हा दाखल करायची तयारी सुरू झाली. त्या संध्याकाळी एक कासारीण जळालेल्या बांगड्यांची यादी द्यायला ठाण्यात आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "साहेब, आपलं गाव लई सुधारलं म्हनायचं. आगीच्या आधी पाणी येतंय."

मी लिहीत होतो. पेन थांबलं.

टँकरचालकाला बोलावलं. टंचाईच्या काळात त्याने सरकारी टँकर चालवले होते. तिथे प्रत्येक खेपेला गावकऱ्याची सही घ्यावी लागते. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. सीटखालून त्याने वही काढून दिली. त्या दिवसाची नोंद: वेळ अकरा. कारण, आग विझवणे. खाली उर्दूतली सही. चाचांची.

"आग साडेबाराला लागली. अकराला हे कसं लिहिलंस?"

"सचिवसाहेबांनी फोनवर सांगितलं तसं लिवलं. म्या इचारलं, सुट्टीला पाणी कशाला? म्हनले, आगीबिगीला असू दे."

"आणि सही?"

"तिथं चाचा एकटेच व्हते. सहीबिगर खेप धरत न्हाईत साहेब."

"भट्टी पेटलेली होती?"

"पेटलेली कसली! चाचा गेल्यावर तिच्यावरच बसून म्या डबा खाल्ला. मग टँकरमधी डोळा लागला, उठलो ते धूर बघूनच."

चाचांना मराठी वाचता येत नाही. आपल्यावर लादल्या जाणाऱ्या आगीच्या नोंदीखाली त्यांनी आधीच सही करून ठेवली होती.

वही समोर ठेवल्यावर सचिवांनी पाणी मागितलं. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, चौकीवर पत्रे कुणी घातले?"

"तुम्ही. म्हणूनच बसायला खुर्ची दिली. आता बोला."

तासाभराने त्यांनी संघाच्या रखवालदाराचं नाव घेतलं. डिझेलचा बोळा त्यानेच टाकला होता, सचिवांच्या सांगण्यावरून. दोघांवर दोषारोपपत्र गेलं. संघाने ठराव केला की सचिवांच्या कृत्याशी आपला संबंध नाही. पालं पुन्हा उभी राहिली, चाचांची भट्टीही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मदत घेऊन सर्वांत आधी येणाऱ्याचे आभार जरूर मानावेत. पण तो किती वाजता निघाला, हे आधी विचारावं.

निवृत्तीनंतर एकदा भांडी घेऊन चाचांकडे गेलो. भाता मारता मारता ते म्हणाले, "साहेब, तुमचं ते पत्र संघाच्या हापिसात अजून टांगलंय. काचेत. म्या न वाचता सही केली. तुम्हाला तर वाचता येतं."

ते पत्र परत मिळावं म्हणून मी संघाला दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा चहा मिळाला आणि 'बैठकीत विषय घेऊ' हे उत्तर. माझ्या वहीत त्या प्रकरणातल्या सगळ्या कामांवर काट मारलेली आहे. एक ओळ तेवढी उरली आहे: प्रशंसापत्र भिंतीवरून उतरवणे.