मुकी हार

फोनवर वीरेशचं नाव दिसलं आणि मी हॅलो न म्हणता थेट तोंड सोडलं. "कुठं तडमडलास बे? सकाळपासून वाट बघतेय." सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळ आमचं एका खोलीचं ऑफिस. वर पंखा गरगरत होता, खालून रिक्षांचे हॉर्न, आणि आमच्या मोबाइल-खेळाच्या नव्या आवृत्तीचं काम त्याच्या एका होकारासाठी अडून बसलेलं.  पलीकडून त्याची बायको गौरा बोलली, "अक्का, मी हाय... ह्ये उठनात." पुढचं मला नीट आठवत नाही. दवाखान्याचा जिना तेवढा आठवतो, तिथली फिनेलचा वास मारणारी बादली आठवते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. वीरेशनं चाळिशीही पाहिली नाही. त्याला आता काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड लिहितात, आणि मला गोड लिहिता येत नाही. मला राग आलाय. कुणाचा, ते कळत नाही, आणि सगळी बोंब तिथंच आहे.

आमची ओळख कॉलेजातली. त्याच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू. माझ्या वडिलांचे माग, त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलच्या रांगेत तो मध्ये घुसला म्हणून मी त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. तेव्हापासून तो मला अक्का म्हणायला लागला. वयानं मोठा तो, पण अक्का मी! वाद कितीही पेटला तरी शेवटी हात झटकून "इरली बिडु" म्हणायचा. असू दे, सोड. मी मात्र कधी काही सोडलं नाही, म्हणून आमचं जमलं असावं. पुण्यातली नोकरी सोडून तो सोलापूरला परत आला आणि मला म्हणाला, "अक्का, आपण फाशांचा खेळ करू. मोबाइलवरचा." मी म्हटलं, येडा झालायस का. दुसऱ्या दिवशी खोली बघायला गेलो.

खेळाचं नावही आम्ही 'सात रस्ता'च ठेवलं. चौकात उभं राहायचं, फासे टाकायचे, सातातला एक रस्ता धरायचा. वाटेत चोर, कुत्री, पडके पूल, आणि शेवटी शहराची वेस. मध्येच हरलात तर पुन्हा पहिल्यापासून, आणि रस्ते या खेपेला वेगळे. अशा खेळांना रोगलाइक म्हणतात. त्यात माणूस हरतच असतो. हरत हरत शिकतो, म्हणून पुन्हा येतो. खेळाची पहिली आवृत्ती लोकांनी दोनदा हरून फोनमधून काढून टाकली. का, ते मला कळत नव्हतं. वीरेशला कळलं. आम्ही आधी रस्ता निवडायला लावत होतो आणि मग फासे टाकत होतो. म्हणजे शहाण्यासारखा विचार करायचा आणि वर नशिबानं थोबाडीत मारायची! तो म्हणाला, "आमच्या आत्याच्या पगडेत असं न्हाय. दान आधी पडतंय, सोंगटी मग हलतीय. पडलेल्या दानाचं काय करायचं, एवढंच आपल्या हातात."

ही आत्या म्हणजे नीलव्वा, अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली. तिच्याकडं पगडेचा, म्हणजे सारीपाटाचा, कापडी पट, लाकडी सोंगट्या आणि लांबट फासे होते. एकदा वीरेश मलाही घेऊन गेला होता. नीलव्वाच्या घरात एक रीत होती. हरणाऱ्यानं उठायचं नाही. पट गुंडाळायच्या आधी त्यानं आपली कुठली सोंगटी कधी चुकली ते सांगून तिच्यावर बोट ठेवायचं. फासे वाईट पडले, ही सबब चालायची नाही. मी हरले आणि अर्थातच फाशांच्या नावानं शंख केला, तर ती म्हातारी माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "बेरळ इडु. बोट ठेव की गं." मी चिडून कुठल्या तरी सोंगटीवर ठेवलं. ती हसली, माझं बोट उचलून दुसऱ्या सोंगटीवर नेलं, आणि खरंच, तिथंच माझं चुकलं होतं.  येताना एसटीत, टोलनाक्यापाशी वीरेश एकदम म्हणाला, "अक्का, आपल्या खेळात हे घालायचं."

ते घातलं आणि खेळ चालायला लागला. तुम्ही हरलात की पडद्यावर तुमचा सगळा रस्ता दिसायचा, एका चौकावर लाल बोट उमटायचं आणि खाली दोन शब्द: इथं चुकलं. त्याच्यामागं माझं काम होतं. तीच दानं तशीच ठेवायची, फक्त एक चाल बदलायची आणि यंत्राला पुढं खेळवायचं. जिथली चाल बदलल्यावर माणूस वाचतो, तिथं बोट. पण काही खेळ असे निघायचे की कुठलीही चाल बदला, माणूस हरणारच; बोट ठेवायला जागाच नाही. वीरेश त्याला मुकी हार म्हणायचा. अशी हार सापडली की तो जेवायचा नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा तसाच घरी न्यायचा. फाशावर एक पडला तरी त्या दानाचा उपयोग व्हावा म्हणून त्यानं अरुंद बोळ आणले, जिथून सहा पडलेला जाऊच शकत नाही. एक दान खिशात राखून ठेवायची सोय केली. तरी मुक्या हारी उरायच्याच. मी वैतागून म्हटलं, "थोड्या राहू देत की! नशीब म्हणून काही असतं का नाही?" त्यावर तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "नशीब पाहिजे तर लोकान्ला आपला खेळ कशाला पाहिजे, अक्का? ते घरीच असतंय की."

वीरेश गेला त्या दिवशी त्यांच्या भागात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, ते इथल्या बाईला सांगायला नको; बाकी सगळं बाजूला. वीरेश अंघोळ करून आला आणि डोकं लई दुखतंय म्हणाला. गौरानं डोकेदुखीची गोळी दिली, चहा दिला, पडा जरा म्हणाली आणि पाणी भरायला लागली. मधे एकदा डोकावली तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. झोप लागली म्हणून तिनं दार हळूच लोटून घेतलं, घागरींचा आवाज होऊ नये म्हणून. पाणी गेलं तेव्हा उठवायला गेली... बस, एवढंच आहे सगळं. दवाखान्यात तिनं डॉक्टरांना विचारलं, "सकाळीच आनलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." चांगला माणूस होता तो डॉक्टर. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यांच्यात मयताला बसवूनच माती देतात, म्हणून कपाळाला विभूती लावून त्याला बसवलं होतं. डोळे मिटून बसलेला तो अगदी ऑफिसातल्यासारखा दिसत होता, मी काहीतरी बडबडतेय आणि हा फाशांचा विचार करतोय. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. नीलव्वाला गावाकडनं आणलं होतं, ती भिंतीला टेकून बसलेली. माती देऊन बायकामाणसं घरी परतली, आणि गौरा सरळ तिच्यासमोर जाऊन बसली. ती माळशिरसकडची, आवाज कधी न चढवणारी पोर. म्हणाली, "आत्या, बोट ठिवल्याबिगर उठायचं न्हाई म्हनता न्हवं तुमी? मग म्या ठिवते. गोळी दिली, तितं चुकलं. न्हाईतर दार लोटलं तितं. तुमी सांगा कुटं." म्हातारी म्हणाली, "पोरी, त्यो खेळ होता गं." "ह्यांनी तर समदा जलम त्यातच घातला," गौरा म्हणाली. "चुकल्याबिगर कुनी हरत न्हाई, असं म्हनायचे." नीलव्वानं पदर तोंडावर ओढून घेतला. मी तिथंच उभी होते. मुक्या हारी अजून उरल्यात, त्या आम्हाला काढताच आल्या नाहीत, हे मी गौराला तिथंच सांगितलं. नंतरही सांगितलं, यंत्र उघडून दाखवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खेळात तुमी दानं तीच ठिवून बघता न्हवं? मग ह्याचं बी बघा की." काय बघू? कुठून आणू ती सकाळ परत?

मग मी ते लाल बोट खेळातून काढून टाकलं. त्याच्या जन्माची मेहनत एका दुपारी पुसली. नवी आवृत्ती गेल्यावर लोक लिहायला लागले, आता कुठं चुकलं ते सांगत का नाही, खेळात मजा राहिली नाही. खरंच आहे त्यांचं. वीरेशनं माझी पाठ सोलून काढली असती, आणि शेवटी इरली बिडुसुद्धा म्हटलं नसतं. पण मला वाटलं, स्वतःवर बोट ठेवायचं गौराच्या हातून तेवढं तरी सुटेल.

परवा तिच्याकडं गेले. दुपारची ती वीरेशचाच फोन घेऊन खेळत बसते, शेजारणी सांगतात रोजच. जुनीच आवृत्ती, तिनं नवी घेतलेली नाही, घेणारही नाही म्हणाली. मी बसले तेवढ्यात ती हरली. पडद्यावर लाल बोट उमटलं, आणि तिनं आपलं बोट नेऊन नेमकं त्याच्यावर टेकवलं. "बघा अक्का, हितं लगीच सांगतंय." खिडकीच्या कट्ट्यावर डोकेदुखीच्या गोळ्यांची ती पट्टी तशीच होती, एक घर फुटलेलं, बाकीच्या गोळ्या जागच्या जागी. धूळ बसू नये म्हणून गौरा ती रोज पुसत असावी. चहाची कपबशी ठेवायचं निमित्त करून मी ती पट्टी उचलायला गेले. गौरानं फोनवरून मान वर न करता माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, अक्का. अजून पट गुंडाळला न्हाई."