भावाचं नाव कमी करताना

शिक्षिकेला शिकवणं सोडून बाकी सगळं येतं, असं सरकारचं ठाम मत आहे. म्हणून मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते आणि यादीचं काम निघालं की बीएलओ होते. म्हणजे मतदार यादी काखोटीला मारून दारोदार फिरायचं आणि यादीतला माणूस त्या घरात खरोखर राहतो का ते बघायचं. मला भाग मिळाला नायगावच्या बीडीडी चाळींचा. माझं माहेरच तिथे. लग्न होऊन मी लालबागला गेले, पण आई अजून त्याच खोलीत राहते. आमच्या साहेबांना वाटलं, ओळखीची चाळ आहे, बाईंना काम सोपं जाईल. डोंबलाचं सोपं.

अनोळखी बीएलओला लोक निदान घाबरून तरी उत्तर देतात. मला चहा देतात आणि तोंडावर खोटं बोलतात. एका दारात मुलाचं नाव वाचलं, तर त्याची आई म्हणाली, "आहे ना, आत्ताच खाली गेला." तो दोहाला एसीचं काम करतो. गेल्या दिवाळीत त्यानेच पाठवलेले खजूर मी याच घरात बसून खाल्ले होते. मी नुसती बघत राहिले, तशी ती हळूच म्हणाली, "राहू दे गं नाव. बिल्डिंग उभी राहीपर्यंत तरी राहू दे."

तिचं काय चुकलं? चाळी पाडून टॉवर होतायत. समोरच्या दोन चाळी रिकाम्या झाल्या, पत्रे लागले. नव्या घरासाठी कोणता कागद कधी मागतील याचा नेम नाही, तेव्हा ज्या ज्या कागदावर नाव आहे तिथे ते असू द्यावं, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. नियम मात्र सरळ आहे. जो माणूस नेहमी जिथे राहतो, तिथल्या यादीत त्याचं नाव. मी एकेका दारात तो नियम सांगत गेले आणि एकेका दारात वाईट होत गेले.

आणि मग आईचं दार आलं. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला, तिथेच नोकरी, तिथेच लग्न. यादीत मात्र तो अजून आमच्या खोलीत राहतो. मी पर्स बाजूला ठेवली आणि सरकारी आवाजात त्याचं नाव वाचलं.

"हयच रवता," आई म्हणाली. इथेच राहतो. आणि कांदा चिरत राहिली.

"आई, मी आहे. माझ्यासमोर तरी नको."

"तू कोण आसस ता माका ठावक आसा. नाव काढूचा नाय. नाव आसा तवसर माणूस हयचो."

मी चिडले. दुसऱ्यांच्या पोरांची नावं काढायची आणि माझ्या भावाचं तेवढं ठेवायचं, उद्या सगळी चाळ माझ्या अंगावर येईल, असं बरंच बोलले. ती दुसरा कांदा घेऊन चिरायला लागली. मला फार राग आला, आणि त्याहून जास्त तिची दया आली. तिचा सगळा जीव त्या एका ओळीत अडकला होता.

मग मला युक्ती सुचली. परदेशी राहणाऱ्याची वेगळी नोंद होते, जर त्याचा पासपोर्ट आपलाच असेल तर. पासपोर्टावरच्या पत्त्याला, म्हणजे नायगावलाच, परदेशस्थ मतदार म्हणून नाव लागतं. मत द्यायला मात्र विमानाने स्वतः यायचं, पासपोर्ट हातात घेऊन. तेवढ्यासाठी कोण येतं? पण मला मत कुठे हवं होतं, मला आईची ओळ वाचवायची होती. इथून काढू, तिथे घालू, नायगाव ते नायगावच. मी तिला समजावलं. तिने कांदा बाजूला सारला आणि म्हणाली, "असा आधी सांगूचा मा."

भावाला मेसेज टाकला, पासपोर्टचा फोटो पाठव. त्याने अंगठा पाठवला. फोटो नाही. पुन्हा टाकला, तर म्हणाला बघतो. मला वाटलं, आळशी आहे, लहानपणापासून आहे. रविवारी संध्याकाळी आईच्या खोलीत बसूनच व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडे सकाळ होती, हातात कॉफी.

"अरे फोटो पाठवायला काय मुहूर्त बघतोयस?" मी म्हटलं.

तो आधी हसला, मग हसू गेलं. "ताई, तो पासपोर्ट मी परत केला. आम्ही सगळ्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं. सांगणार होतो."

आता ना ही यादी, ना ती. तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं उरत नाही, आपल्याकडे दोन्ही चालत नाहीत. मला हे पाठ होतं, पण आईला कसं सांगायचं ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. सांगायची वेळ आली नाही. तिला सगळं कळलं होतं. तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"त्यांनी तुका घेतलो कसो?" तिने विचारलं. "मी तुझा नाव हयसून कमी करूक दिलंयच नाय."

मला क्षणभर कळेना, मग लख्ख कळलं. माझं लग्न झालं तेव्हा हीच आई रेशन ऑफिसच्या रांगेत उभी राहिली होती. इथल्या कार्डावरून माझं नाव कमी करून त्याचा दाखला आणला, तो लालबागला दिला, तेव्हा कुठे सासरच्या कार्डावर मी चढले. एका घरातून सोडल्याशिवाय दुसरं घर घेत नाही, हे तिने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. लेकीला सोडलं, मुलाला सोडायचं नव्हतं. म्हणून इतकी वर्षं ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला 'इथेच राहतो' सांगत होती. तिच्या हिशेबाने तोवर कॅनडा त्याला घेऊच शकत नव्हता.

"आई, इथे असा दाखला मागत नाहीत," भाऊ म्हणाला.

"माका कोणी इचारूकच नाय," ती म्हणाली. त्याला नाही, मला नाही, नुसतंच. मग मोबाइल माझ्याकडे देऊन ओट्याशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

फोन कधी बंद झाला आठवत नाही. मला रडू येत होतं आणि कामही करायचं होतं. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आई, कमी करू नाव?"

तिने नळाखाली हात धुतले. मग पदराने हात पुसत म्हणाली, "कर. पण तुझ्या हातान कर. दुसऱ्या कोणाक करूक देव नको."