डोळ्यासमोरची फळी

ती तक्रार मला अजून लख्ख आठवते, कारण ती ऐकून मी चक्क हसलो होतो.

मोहोळकडच्या एका बचत गटाच्या अध्यक्ष बाई कडक भाकरीची पाकिटं घेऊन ठाण्यात आल्या. सोलापूरच्या दुकानांत त्यांचा माल मऊ पडत होता. आठवडाभरात फरक पडला नाही तर दुकानदार माल बंद करणार होते आणि गटातल्या अकराजणींचं काम जाणार होतं.

"भाकरी मऊ पडली म्हणून गुन्हा दाखल करू का, बाई?" मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत पाकीट बुडवून दाबलं. बारीक बुडबुडे वर आले.

"घरनं निघताना एकबी पाकीट गळत नव्हतं, साहेब. दुकानात कुणीतरी टोचतंय."

मी कागद पुढे ओढून त्यांचा जबाब लिहून घेतला.

दोन दिवसांनी एका किराणा दुकानात झाडलोट करणाऱ्या मावशींनी आमच्या हवालदाराला खबर दिली. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने दुकानांना लोखंडी रॅक फुकट दिले होते. अट एकच, रोज सकाळी ते कंपनीचाच सेल्समन लावणार. डोळ्यासमोरची फळी कंपनीची, इतरांचा माल पायाशी. म्हणजे सगळ्यांच्या पाकिटांना हात त्याचाच लागत होता.

साध्या वेशातल्या हवालदाराने त्याला टाचणीसकट पकडलं. पंचनामा झाला. चौकशीत मात्र तो तासभर "चुकून लागली असंल" एवढंच घोकत होता. मी आवाज चढवला नाही. कंपनीची आणि गटाची, दोन्हीकडची ताजी भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि खायला लावली.

"कुठली चांगली?"

त्याने मान खाली घातली. "त्यांची, साहेब. म्हणून तर टोचत हुतो."

"वरून कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी न्हाय. खालच्या फळीवरचा माल खपला की मलाच झापत्यात."

त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र कोर्टात गेलं. रॅक तिथेच राहिले, त्यात बेकायदा काही नव्हतं. पुढे बियाण्यांच्या आणि औषधांच्या तक्रारींतही मी आधी हेच पाहिलं, की गिऱ्हाइकाचा हात पहिला पोचतो ती जागा कुणाच्या ताब्यात आहे. मोठी कंपनी चांगल्या मालावर मोठी होते. पुढे टिकते ती बऱ्याचदा त्या जागेवर, आणि तेवढ्याने भागेना झालं की टाचणी निघते.

महिन्याभराने मी त्याच दुकानात गेलो. कंपनीच्या रॅकवर, अगदी डोळ्यासमोर, गटाची पाकिटं होती. मी दुकानदाराकडे पाहिलं.

"काय करणार, साहेब," तो म्हणाला, "गिऱ्हाईक वाकून वाकून खालनंच काढाया लागलं."