पेटीवरचा लाल ठिपका

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणाचा प्रयोग फसला, कुणी तोंड पाडून बसलं, की फडक्याला हात पुसत ते म्हणायचे, "मशीन खोटं बोलत नाही रे बाळांनो, हात खोटं बोलतो. पुन्हा कर." कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेला माणूस. त्याला उलट कोण बोलणार? पोरं निमूट पुन्हा करायची, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा जमायचंही.

निवृत्तीला दीड महिना उरला होता आणि काका आपले खुशीत होते. त्यात यंदाच्या पोरांनी मोठाच घाट घातलेला. पाण्यात शिसं असलं की हिरवे चमकतील असे जिवाणू घडवायचे, आणि तेही एकट्याने नाही, दूरदेशीच्या एका कॉलेजच्या टीमबरोबर. दोन्हीकडे तीच कृती करायची, दोन्हीकडे तोच निकाल यायला हवा. तरच स्पर्धेत काम ग्राह्य धरणार, नाहीतर सगळं मुसळ केरात.

इकडच्या नळ्या पहिल्या आठवड्यातच हिरव्यागार चमकल्या. तिकडे मात्र काळोख.

दर मंगळवारी दुपारी व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडचं जिवाणू वाढवायचं काम एका चष्मेवाल्या पोरीकडे होतं. इकडच्या कॅप्टनने, म्हणजे टीमच्या पुढारीणबाईंनी, तिला 'काका' हा शब्द शिकवलेला. काका मागून काचसामान घेऊन गेले की ती पडद्यातून हात हलवून ओरडायची, "काकाऽ!" काका लाजायचे, पण मंगळवारी नेमके त्याच वेळी तिथून जायचे, हेही खरं.

त्या मंगळवारी ती ओरडली नाही. डोळे सुजलेले होते. कॅप्टनने हळूच सांगितलं, "काका, नऊ वेळा केलं तिनं. त्यांचे सर म्हणालेत, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर तिला टीममधून काढणार. मी तिला धीर द्यायला तुमचं ते वाक्य सांगितलं होतं ना, तिनं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. बघा, मागे दिसतोय. आता म्हणते, माझाच हात वाईट."

काकांनी पाहिलं. कागद होता खरा, चांगला मोठ्या अक्षरांत.

"तिची जिवाणू वाढवायची उबेची पेटी कितीवर असते?" त्यांनी विचारलं.

"सदतीस डिग्री. आपल्यासारखीच."

काकांनी हातातलं काचसामान खाली ठेवलं. कारण आपल्यासारखी पेटी जगात कुठेच नव्हती, आणि हे एकट्या काकांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी जिवाणू वाढवायची ती पेटी बंद पडली. परीक्षा तोंडावर. काकांनी बाजारातून दुसऱ्याच यंत्राचा उष्णतेचा खटका, म्हणजे थर्मोस्टॅट, आणला आणि स्वतःच्या हाताने बसवला. पेटी चालू झाली, सगळ्यांनी पाठ थोपटली. दोन दिवसांनी काकांना कळलं की बटण सदतीसवर ठेवलं तर आत जेमतेम तीस डिग्री भरतात. आता शाबासकी परत कशी करायची? त्यांनी चव्वेचाळीसच्या खुणेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपक्यावर ठेवलं की आत बरोबर सदतीस. दर वर्षी नव्या पोरांना सांगायचं, "बटण ठिपक्यावर ठेवा, का ते विचारू नका."

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस रजेवर होते. ठिपका पुसला गेलेला. पोरांनी बापडं बटण सदतीसवर ठेवलं. काका परतले तेव्हा त्यांना ते दिसलं, पण नळ्या तर चमकत होत्या. चाललंय ना, मग कशाला बोला, म्हणून ते मूग गिळून बसले. त्या जिवाणूंना थंडावाच मानवत होता, आणि तिकडची पोर बिचारी खऱ्या सदतीसवर त्यांना उकडत बसली होती!

घरी जेवण उतरेना. शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"तरीच माझी नेलपॉलिशची बाटली दर वर्षी गायब व्हायची!" ती म्हणाली. मग गंभीर झाली. "अहो, पण त्या पोरीला सांगणार कोण?"

"दीड महिना राहिलाय गं. इतकी वर्षं इभ्रतीनं काढली."

"तुमची इभ्रत राहील हो. तिचं काय?"

काकांनी ताट बाजूला सारलं.

सकाळी त्यांनी विभागप्रमुख मॅडमना आणि कॅप्टनला पेटीसमोर उभं केलं. पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर घालून तासाभरापूर्वीच आत ठेवला होता. दार उघडलं. तीस.

मॅडमनी तो आकडा स्वतः वाचला. मग एवढंच म्हणाल्या, "हे मला तुमच्या नोकरीच्या नोंदीत लिहावं लागेल."

"लिहा."

कॅप्टन मात्र भडकली. "काका, आम्ही सगळीकडे सदतीस लिहिलंय! विश्वासाने लिहिलंय!" तिचा आवाज चिरकला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमच्या शेऱ्यापेक्षा ते जास्त लागलं.

तरी तिनेच तिकडे फोन लावला. चष्मेवाली पडद्यावर आली. काका पहिल्यांदाच खुर्ची ओढून समोर बसले आणि सगळं सांगितलं. कॅप्टन रागारागाने एकेक वाक्य तिच्या भाषेत सांगत होती.

"तिला सांग, पेटी तीसवर ठेव. आणि तिचा हात चांगला आहे म्हणावं. खोटं बोलला तो माझा हात."

हे सांगताना कॅप्टनचा राग कुठे गेला कोण जाणे, तिला हुंदकाच आला. पलीकडची पोर चष्मा काढून रडली. मग उठली, भिंतीवरचा कागद काढला आणि पेटीकडे गेली.

शुक्रवारी फोटो आला. सगळ्या नळ्या हिरव्या, आणि मागे चष्मेवाली दोन्ही हात वर करून उभी.

कॅप्टन तरीही काकांशी कामापुरतंच बोलत होती. सोमवारी पहिल्या वर्षाची एक मुलगी जिवाणूंची काचेची बशी घेऊन आली. एकही जिवाणू उगवला नव्हता. रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, मला जमतच नाही."

काकांनी फडक्याला हात पुसले. सवयीने तोंड उघडलं, "मशीन..." आणि ते वाक्य तिथेच सोडलं.

पलीकडच्या टेबलावरून कॅप्टनने मान वर न करता थर्मामीटर त्यांच्याकडे सरकवला.

"थांब गं," काका त्या मुलीला म्हणाले. "तुझा हात नंतर बघू. आधी माझी पेटी बघू."