काळ्या स्क्रीनमधली पत्रिका

जामखेडच्या छापखान्यात त्या दिवशी सकाळी दहालाच जाऊन बसलो. आमच्या विहाराच्या उद्घाटनाची पत्रिका आज निघायची होती. नव्वदीतली गोष्ट… छापखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्याला रोज उदबत्ती ओवाळली जायची. कामापेक्षा उदबत्त्याच जास्त जळतात, असं मी गावभर सांगत फिरायचो.

कॉम्प्युटरपुढे गुलाबमामा उभे. हो, उभेच! तीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी उलटी अक्षरं, उभ्याने जुळवली होती. आता खिळे भंगारात गेले होते आणि मालक दिलीपशेठनी बजावलं होतं… ही पत्रिका आज निघाली तर मामा राहतील, नाहीतर सोमवारी नगरहून ऑपरेटर येईल.

माऊस काही मामांना जमेना. हात एकीकडे, बाण भलतीकडे. मी म्हणालो, "मामा, दमानं. म्हैस नाही ती."

"म्हैस बरी, सायेब. धन्याला वळखती तरी."

मग त्यांनी माऊस बाजूला सारला आणि दोन बटणं दाबली. स्क्रीनवर एक चौकट उघडली, तिच्यात आकडे भरले गेले, ती मिटली, दुसरी उघडली, मिटली… आणि एक नाव हव्या त्या फॉन्टमध्ये, हव्या त्या जागी जाऊन बसलं. मामा तोवर तंबाखू मळत होते.

भानामती वगैरे मी मानत नाही. तरी खुर्ची जरा मागे घेतली.

त्या कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्डर नावाचा एक प्रोग्रॅम होता. कीबोर्डवर जे दाबाल ते तो लक्षात ठेवायचा आणि पुढे एका शॉर्टकटवर सगळं जसंच्या तसं करून दाखवायचा. माऊस टाळायला मामांनी प्रत्येक चौकटीतली घरं टॅब दाबून मोजली होती, पाठ केली होती. "खिळ्यांच्या लाकडी केसला लई घरं हुती. ह्याला हायेत किती!"

यादीत एकशे बारा नावं. विहारासाठी ज्यांनी विटा वाहिल्या ते सगळे, आणि एकही गाळायचं नाही असं बैठकीत ठरलेलं. शेवटचं नाव बसलं… आणि टक्क आवाज होऊन मॉनिटर गेला. काळाठिक्कर. खालचा डबा मात्र घरघरत होता.

दिलीपशेठनी कपाळाला हात लावला. दुसरा मॉनिटर मिळणार नगरला, आणि तो इथे येईपर्यंत दिवस संपणार. मशीनच तिकडे न्यायचं तर ते बंद करावं लागणार, आणि सेव्ह काहीच केलेलं नव्हतं… म्हणजे सगळी नावं गेली. मामांची नोकरीही.

मामा हलले नाहीत. काळ्या काचेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नजर समोरच्या कागदावर, पूर्वी हस्तलिखितावर असायची तशी, आणि बोटं आपली चालू. ओठांत मोजणी… "येक, दोन, तिसरं घर…" आधी सेव्ह, मग प्रिंट. त्या काळोखात चौकटी उघडत होत्या, भरत होत्या, मिटत होत्या… आणि त्या फक्त एकाच माणसाला दिसत होत्या.

आम्ही प्रिंटरकडे बघत राहिलो. काही नाही… काहीच नाही… मग हिरवा दिवा लुकलुकला आणि ज्यावरून पत्रिका छापायची तो ट्रेसिंग पेपर सरकत बाहेर आला. एकशे बारा नावं. मी दोनदा मोजली.

मामांनी तो कागद उलटा धरून मागच्या बाजूने वाचला. आयुष्यभर खिळे वाचलेल्याला उलटी अक्षरंच सुलट. "बराबर हाय," म्हणाले.

दिलीपशेठ आत गेले आणि स्वतःची हातांची खुर्ची उचलून घेऊन आले. "बसा मामा. आता ही तुमचीच."

"नगं शेठ. बसल्यावर माजा हात चालत न्हाई."

आज फोनला नुसतं बोट लावलं की सगळं आपोआप होतं आणि मला कशाचंच काही वाटत नाही. पण त्या दुपारी माझ्याकडे एकही टोमणा नव्हता. गुलाबमामा, माझं तोंड एकदा तरी बंद पाडल्याबद्दल… अख्ख्या गावाच्या वतीने तुमचे आभार.