उरलेली अर्धी ओळ

यांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर आमच्या देवघरात दिवा लावणं मी सोडून दिलं. कुणी विचारलं तर वेळ होत नाही म्हणायची. वेळ नव्हता हे खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हापासून तिन्हीसांजेला आम्ही दोघांनी मिळून आरती म्हटली नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. यांचा आवाज मोठा, माझा बारीक. आणि नेमका तो आवाजच गेला. नुसता हात गेला असता, नुसता पाय गेला असता तर मी सोसलं असतं असं मला वाटायचं. ज्याने जन्मभर तुझं नाव घेतलं त्याचीच वाचा काढून घेतोस, तर मग मीही तुझ्याशी बोलणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पनवेलच्या बाजारात यांचं रंगाचं दुकान होतं. ऑइलपेंटचा डबा घ्यायला आलेला माणूस चहा पिऊन, कुठली भिंत पाणी धरते आणि तिला आधी काय लावायचं ते ऐकूनच परत जायचा. असा बोलका माणूस. झटक्यानंतर काठी घेऊन चालता येऊ लागलं, डाव्या हाताने जेवताही येऊ लागलं, पण बोलणं परतलं नाही. समजायचं सगळं. सांगायला जावं तर तोंडातून फक्त ‘ते... ते...’ एवढंच यायचं. मग डोळे भरायचे आणि ते मान फिरवायचे. दुकान चालवायला दिलं, आणि आम्ही जिने नकोत म्हणून विचुंब्याला लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेलो.

मी हार मानणाऱ्यातली नाही. स्पीच थेरपीच्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. सकाळी, जेवणानंतर, चहाच्या वेळी, मी कार्ड घेऊन समोर बसायचीच. ‘म्हणा, पाणी. म्हणा, ताट.’ बाई म्हणायच्या, घाई करू नका, त्यांनाही दम घेऊ द्या. पण मला वाटायचं, मी ढिली पडले तर यांचं बोलणं कायमचं जाईल. हळूहळू हे कार्डं बघितली की ओठ घट्ट मिटून घ्यायला लागले. तरी मी थांबले नाही.

आयर्लंडची सहल झटक्याच्या आधीच ठरली होती. आमची मुलगी मृणाल आणि जावई लंडनला असतात. त्यांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ती बुक केली होती. मुंबईहून मराठी ग्रुप, तिथे सगळा प्रवास एकाच मोठ्या बसने, शहरं आणि खेडी दोन्ही बघायची. यांनी कुठलीशी फिल्म टीव्हीवर पाहिली होती, आणि असा हिरवा रंग कुठल्याही शेडकार्डात नाही, तो एकदा डोळ्यांनी बघायचाय, असं ते दुकानात प्रत्येकाला सांगायचे. झटक्यानंतर सगळे म्हणाले, रद्द करा. मृणालसुद्धा फोनवर म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी बघू ना.” मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तब्येत स्थिर आहे, काळजी घेऊन जायला हरकत नाही. मग मी कुणाचं ऐकलं नाही.

एकट्या हमीदभाईंनी मला बळ दिलं. दुकानाच्या शेजारी त्यांचं काचेचं दुकान. ते दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की रिक्षाने विचुंब्याला यायचे आणि यांच्याजवळ नुसते बसायचे. कधी बाजारातल्या गोष्टी सांगायचे, कधी काहीच नाही. निघायच्या आधी भेटायला आले तेव्हा म्हणाले, “वहिनी, बिनधास्त जा. तुमी तुमचं करा, बाकी अल्ला मालिक.” मी मान हलवली. पण बाकीचंही मीच करणार, असंच तेव्हा माझ्या मनात होतं.

डब्लिनला उतरलो तेव्हा झिमझिम चालू होती. बसचा ड्रायव्हर साठीचा, डर्मट नावाचा आयरिश माणूस. त्याने यांची काठी बघितली आणि आम्हाला आपल्या पाठीमागची पहिलीच सीट दिली. दगडी भिंतींनी आखलेली कुरणं, त्यांत मेंढ्या, मध्येच समुद्र, की पुन्हा कुरणं. हे काचेला कपाळ लावून बघत राहायचे. रोज सकाळी बस सुटताना ठाण्याचे एक काका जोरात ‘गणपती बाप्पा’ म्हणायचे आणि सगळी बस ‘मोरया’ म्हणायची. आमची सीट तेवढी गप्प असायची. हे म्हणू शकत नव्हते आणि मी म्हणत नव्हते. हॉटेलवर गेलं की मी पर्समधून कार्डं काढायची. गॉलवेच्या हॉटेलात यांनी पहिल्यांदाच माझ्या हातातली कार्डं घेतली, उशीखाली सारली आणि त्यावर डोकं ठेवून भिंतीकडे तोंड केलं. मी खुर्चीत बसून राहिले. एवढ्या लांब आणून मी यांना काय दिलं, तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेकडे निघालो. दुपारी पुढे रस्त्यावर झाड पडल्याचं कळलं, म्हणून डर्मटने बस एका लहान गावात थांबवली. आमच्या कार्यक्रमात ते गाव नव्हतंच. एक पूल, त्याखालून फेसाळत जाणारा ओढा, एक चहाचं दुकान आणि रंगीत दारांची थोडी घरं. ग्रुपमध्ये कुरकुर सुरू झाली. आमची टूर लीडर सायली सगळ्यांना समजावत होती. मी यांना दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं, त्यांचं जॅकेट ओलं झालं होतं म्हणून काढून माझी शाल दिली, आणि बायकांच्या रांगेत बाथरूमसाठी उभी राहिले. परत आले तर बाक रिकामा.

माझ्या हातातल्या त्या जॅकेटच्या खिशातच नाव, पत्ता, सायलीचा नंबर लिहिलेला कागद होता. ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तो परक्या देशात, पावसात, काठी टेकत कुठे गेला असेल? मी आधी पुलाकडे धावले. कठड्यावरून वाकून खाली पाण्यात दोन्ही बाजूंना बघितलं. काका दुकानात शोधायला गेले, सायली घरांची दारं वाजवत सुटली. डर्मट माझ्याबरोबर आला. तो इंग्रजीत हळूहळू, मला कळेल असं बोलायचा. म्हणाला, “बाई, ते लांब गेले नसतील. माणूस पावसात छप्पर शोधतो.” आणि त्याने चढावर बोट दाखवलं. तिथे एक लहानसं दगडी चर्च होतं आणि त्याचं दार उघडं होतं.

दारातच मी थांबले. आत पुढच्या बाकांवर गावातल्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. हातात जपमाळा. एकीने अर्धी प्रार्थना म्हणायची, की बाकीच्यांनी एका सुरात उरलेली अर्धी पूर्ण करायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शब्द मला कळत नव्हते, पण तो ठेका ओळखीचा होता. मागच्या बाकावर माझी शाल पांघरून हे बसले होते. शेजारी एक आजीबाई होत्या, त्यांचा हात यांच्या लुळ्या हातावर होता. मी जवळ गेले तर काय दिसलं? यांचे ओठ हलत होते. बायकांनी उरलेलं अर्धं म्हटलं की यांच्या घशातूनही सूर निघायचा, शब्द नव्हते, पण बरोबर वेळेवर सुरू होऊन बरोबर वेळेवर थांबायचा. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजींनी तळवा उंचावून मला थांबवलं. मी बसले.

प्रार्थना संपली, बायका पांगल्या. आजींचं नाव नोरा. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगायला लागले, की यांना बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. माझा नवरा असाच होता, पुष्कळ वर्षं. त्याला साधा चहा मागता यायचा नाही. पण इथे येऊन सगळी प्रार्थना म्हणायचा. तुम्ही यांना प्रश्न विचारता का?”

“विचारते. रोज विचारते.”

“विचारू नका. तुम्ही सुरू करा आणि थांबा.” मग त्यांनी विचारलं, “घरी तुम्ही दोघं काय म्हणता?”

मी म्हटलं, म्हणायचो, आता नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. “मग आता म्हणा,” एवढंच म्हणाल्या. मी भोवती पाहिलं. मेणबत्त्या, काचेतून येणारा निळा उजेड. इथे आपली आरती कशी म्हणायची? माझा संकोच त्यांना दिसला असावा. म्हणाल्या, “मुली, त्याला कुठलीही भाषा कळते.”

मी सुरुवात केली. किती महिन्यांनी ते शब्द माझ्या तोंडून निघत होते. पहिली ओळ अर्धी झाली आणि मी थांबले. खरं सांगते, नोराबाईंनी सांगितलं म्हणून काही मी थांबले नव्हते. मला पुढे म्हणताच येईना. इतके दिवस जी जिद्द धरून मी उभी होते ती तिथे त्या बाकावर माझ्या हातून सुटली. मी मनात एवढंच म्हटलं, बाबा रे, माझ्याच्याने आता होत नाही, तुझं तू बघ.

आणि त्या शांततेत यांनी ओळ पूर्ण केली.

शब्द होते. जड, थोडे घासलेले, पण स्पष्ट, आणि आवाज तोच, मोठा. यांनी स्वतःच दचकून माझ्याकडे पाहिलं. मी पुढची अर्धी ओळ म्हटली. यांनी उरलेली म्हटली. अशी आम्ही सबंध आरती केली. दारात डर्मट टोपी हातात घेऊन उभा होता, त्याच्यामागे सायली येऊन रडत होती. संपलं तेव्हा नोराबाई उठल्या, यांच्या गालाला हात लावला आणि चहा गार होईल म्हणून निघून गेल्या. त्यांचा पत्ता घ्यायचंही मला सुचलं नाही. झाड हटल्याचा निरोप आला आणि बस निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ‘गणपती बाप्पा’ म्हटलं तेव्हा ‘मोरया’ सगळ्यात मोठ्याने आमच्या सीटवरून आलं. बस थोडा वेळ कुणी सुरू होऊ देईना. काका पुन्हा पुन्हा म्हणतच राहिले.

परत आल्यावर थेरपीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाठ असलेलं, सुरातलं असं कधीकधी येतं, मेंदूत त्याची वाट वेगळी असते. आता त्याच धाग्याने पुढे जाऊ. असेल तसं. मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण त्या झाडाने त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर का पडावं, आणि ज्या बाईने हे सगळं भोगलंय नेमक्या तिच्याच शेजारी यांनी जाऊन का बसावं, हे मेंदूत कुठे लिहिलेलं असतं ते मला माहीत नाही. मी ते विचारतही नाही. प्रयत्न मी अजून करते, रोज, नेमाने. फक्त आता वाक्य मी सुरू करते आणि गप्प बसते. कधी यांच्याकडून पुढचा शब्द येतो, कधी येत नाही. न आला तर आम्ही दोघं खिडकीतून डोंगराकडे बघतो.

श्रावण संपता संपता एक दिवस मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हे स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, काही सुरूही करून दिलं नव्हतं. आतून आवाज आला, “अगं, दूध!”

मी दारापर्यंत गेले. पातेल्यातून दूध वर येत होतं, कडेवरून शेगडीवर सांडत होतं. हे उठायची धडपड करत माझ्याकडे रागाने बघत होते, की ही अशी उभी काय राहिली. आणि मी गॅस बंद करायचं सोडून हात जोडून तिथेच उभी होते.